आधी उमरीचा सूर्य

पुणे

चि. छोटीस,


तू पाठवलेले बंगल्याचे तिन्ही व्ह्यू निवांत बसून पाहिले. संगणकावरचं मॉडेल नेटकं झालंय. जिन्याच्या पायऱ्या, ग्रिलची जाळी, टाकीखालचे कॉलम, सगळं मापात आहे. खिडकीच्या चौकटी भिंतीच्या आत घेतल्यास, त्यामुळे भिंतीला जाडी आली. हे फार थोड्यांना सुचतं. आता पुढचं मन लावून वाच. प्लॉट उमरीचा, नकाशा उमरीचा, मालक उमरीचे, पण त्या घरावर पडलेलं ऊन उमरीचं नाही. यात आकडे बरेच आहेत, फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते आहे.

पहिल्या फाइलचं नाव तू 'मे दुपार' ठेवलंयस. त्यात कंपाउंडची सावली भिंतीच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त लांब पडली आहे. म्हणजे सूर्य साधारण ६० अंशांवर आहे. उमरी १९ अक्षांशावर आहे, छोटी. मेच्या मध्यावर, १५ तारखेच्या मागेपुढे, भर दुपारी सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायातच राहते. शून्य सावलीचा हा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा जुलैच्या अखेरीस असतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. ६० अंशांवरची दुपार अ‍ॅमस्टरडॅमची, तीही ऐन जूनमधली. तू ज्या ब्लेंडर सॉफ्टवेअरवर काम करतेस त्याची मुख्य कचेरी त्या शहरात आहे, आणि शिकवण्या पाहून आपण जे शिकतो तेही बहुतेक युरोपातल्या घरांवरूनच. तिथे वर्षातल्या सर्वांत उंच सूर्यालाही भिंतीवर तिरपं पडावं लागतं. ते पाहून पाहून आपल्या डोळ्यांना तिरपं, सोनेरी, मऊ ऊन म्हणजेच 'चांगला उजेड' अशी सवय लागते, आणि मग आपण सूर्य हातानं ओढून जिथे चित्र छान दिसेल तिथे ठेवतो. ही सवय तू आत्ताच, पहिल्या वर्षातच मोडावीस असं मला वाटतं.

सूर्य हातानं ठेवू नकोस. ब्लेंडरमध्ये 'सन पोझिशन' नावाचं अ‍ॅड-ऑन आहे. त्यात अक्षांश १९.०, रेखांश ७७.६५, तारीख, वेळ आणि टाइम झोन ५.५ भर. त्या अर्ध्यावर लक्ष ठेव. पुष्कळ मुलं घाईत ५ किंवा ६ टाकतात, आणि अर्ध्या तासात सूर्य साडेसात अंश सरकलेला असतो. त्यानंतर नकाशावरची उत्तर दिशा जुळव. आपल्याकडचे प्लॉट रस्त्याला समांतर कापलेले असतात, दिशांना नव्हे. 'पूर्वमुखी' म्हणून विकलेला प्लॉट १५-२० अंश फिरलेला असणं अगदी नेहमीचं आहे. फोनमधल्या होकायंत्रावर साइटवर विसंबू नकोस. जवळ सळया पडलेल्या असल्या की ते भरकटतं. एक सरळ काठी ओळंब्यात उभी कर आणि सूर्य माथ्यावर येण्याच्या क्षणी तिची सावली खडूनं आख. ती रेघ म्हणजे खरी दक्षिणोत्तर.

तो क्षण घड्याळातल्या बाराला येत नाही. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आहे आणि उमरी त्याच्या बरीच पश्चिमेला आहे, म्हणून सरासरी १२ वाजून १९ मिनिटांनी उमरीची खरी दुपार होते. फेब्रुवारीच्या मध्यावर साडेबारा उलटून जातात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून ३ मिनिटांतच उरकतं. आणखी एक सोपी खूण सांगते. मुंबई आणि उमरी जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. कॅलेंडरावर मुंबईचा सूर्योदय छापलेला असेल तर त्यातून १९ मिनिटं वजा कर, वर्षातल्या कुठल्याही दिवशी उमरीचा सूर्योदय मिळेल. सॉफ्टवेअर त्याच वेळेला क्षितिजावर सूर्य दाखवतंय का ते ताडून बघ.

याहून मोठी परीक्षा घ्यायची असेल तर कोल्हापूर घे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे आणि किरणोत्सवात मावळतीची किरणं गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोचतात. परंपरेनं ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी हे ते दिवस. या तारखा एकमेकींपासून इतक्या लांब का, याचं उत्तर तुझ्या अ‍ॅड-ऑनमध्ये आहे. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण १७ अंशांवर असतो, एकदा जाताना आणि एकदा परतताना, आणि कोल्हापुरात तेव्हा तो नेमक्या पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे मावळतो. कोल्हापूरचे आकडे भरून ते मिळाले तर तुझी मांडणी बरोबर आहे असं समज. ज्यांनी ते देऊळ बांधलं त्यांनी हा हिशेब दगडात केला. महाद्वाराच्या बाजूला पुढे उभ्या राहिलेल्या इमारतींनी किरणांच्या वाटेत अडथळे आणले, त्यावर पाहण्या आणि वाद झाले, तेव्हा लोकांना कळलं की एका मजल्यानं उजेडाचा किती मोठा वारसा अडतो.

आता तुझ्या बंगल्याच्या चार भिंती. इथेच खरं काम आहे.

दक्षिणेची भिंत घे. हिवाळ्यात, २२ डिसेंबरच्या दुपारी, उमरीत सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. दहा फुटी भिंतीची सावली उत्तरेला नऊ फुटांपेक्षा थोडी जास्त पडते. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा असेल तर त्याची सावली खिडकीवर सव्वादोन फुटांच्या आतच संपते, म्हणजे चार फुटांच्या खिडकीत निम्म्यापर्यंत ऊन येतं. थंडीत ते हवंच. मार्चच्या २१ तारखेला तोच छज्जा पावणेसहा फुटांपर्यंत सावली देतो, खिडकी पूर्ण झाकते. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत काय होतं? सूर्य उमरीच्याही उत्तरेला गेलेला असतो. उगवतो ईशान्येच्या बाजूनं, मावळतो वायव्येच्या बाजूनं, दुपारीही उत्तरेकडेच झुकलेला असतो. त्या दोन-अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन लागतच नाही. तुझ्या 'जून सकाळ' व्ह्यूमध्ये दक्षिणेच्या भिंतीवर लख्ख ऊन आहे. उमरीत २१ जूनला ते कुठल्याही वेळेला शक्य नाही. उलट उत्तरेची भिंत, जिला तू सगळ्या चित्रांत निळसर सावलीत ठेवलंयस, तिच्यावर त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ऊन असतं.

पश्चिमेची भिंत सगळ्यांत वाईट. १५ मे, संध्याकाळचे पाच. सूर्य २३ अंशांवर, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. दोन फुटांच्या छज्ज्याची सावली खिडकीवर एक फूटसुद्धा उतरत नाही. उरलेल्या तीन फुटांतून ऊन सरळ आत, पलंगावर. नकाशात या बंगल्याची मोठी बेडरूम तिथेच आहे ना? तुझ्या चित्रात त्या खोलीबाहेर हिरवळ आणि गार निळी सावली आहे. मालकांनी ते चित्र पाहूनच खोली पसंत केली असेल. कर्ज काढून घर बांधणारा माणूस नकाशा वाचू शकत नाही, तो चित्रावर विश्वास ठेवतो. म्हणून आपल्या धंद्यात ऊन चुकवणं मला गवंड्यानं ओळंबा चुकवण्याइतकंच गंभीर वाटतं.

सूर्याची जागा जुळली की आभाळाकडे वळ. उघड्यावरचा उजेड दोन ठिकाणांहून येतो. एक सूर्याचा, सरळ, कडा आखणारा. दुसरा आभाळाचा, चहूकडून येणारा, आणि सावलीत जे काही दिसतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. स्वच्छ दिवशी दुपारी मोकळ्या जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो आणि त्यात आभाळाचा वाटा दहा-वीस हजारांचा. सावल्या निळसर का असतात ते यावरून कळेल. हवेतले रेणू निळा रंग जास्त विखुरतात, हे रेले यांनी १८७१ मध्ये मांडलं, आणि आपल्या सॉफ्टवेअरमधली आभाळं आजही त्याच नियमावर उभी आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या प्रीतम, शर्ली आणि स्मिट्स यांनी आभाळाचं सुटसुटीत सूत्र दिलं. २०१२ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या होसेक आणि विल्की यांनी ते सुधारलं, मुख्यतः धुरळ्याची हवा आणि कलता सूर्य यांसाठी. दोन्ही नावं तुला ब्लेंडरच्या स्काय टेक्श्चरमध्ये दिसतील. होसेक-विल्कीच्या सूत्रात एक गोष्ट आहे जी मला फार मोलाची वाटते: खालची जमीन किती उजेड परत फेकते तेही त्यात सांगता येतं. त्याकडे पुढे येतेच.

या सूत्रांतली 'टर्बिडिटी' म्हणजे हवेतला गढूळपणा. ही कळ ऋतूप्रमाणे फिरवायची असते आणि जवळजवळ कुणीच फिरवत नाही. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, उमरीची हवा धुतलेली असते. तेव्हा २ किंवा ३ ठेव. आभाळ गडद निळं, सावल्या कडक, लांबचं शेतही स्पष्ट. एप्रिल-मेमध्ये नांगरलेल्या रानांची धूळ वर चढते आणि आभाळ निळं राहतच नाही, क्षितिजाजवळ तर पांढरं-पिवळट होतं. तेव्हा ६ ते ८ पर्यंत जा. सावल्या थोड्या फिकट होतील, कारण आभाळाचा वाटा वाढतो. हे तू उमरीत राहून रोज पाहतेस, मला पुण्यात बसून आठवावं लागतं. तुझ्या मेच्या चित्रातलं निळंशार आभाळ वैशाखाचं नाही, दिवाळीचं आहे.

श्रावणातलं भरलेलं आभाळ वेगळंच. त्यात सूर्य बंद कर. पूर्ण झाकोळलेल्या आभाळाचं सूत्र मून आणि स्पेन्सर यांनी १९४२ मध्ये दिलं. त्यात माथ्यावरचं आभाळ क्षितिजापेक्षा तिप्पट उजळ असतं. म्हणून पावसाळी दिवशी छज्ज्याखालची, पोर्चमधली जागा इतकी काळवंडते. बऱ्याच चित्रांत ढगाळ दिवस म्हणजे नुसता सगळीकडे सारखा राखाडी उजेड असतो. तसं नसतं. वरून येणारा उजेड जास्त, बाजूनं येणारा कमी, एवढं जपलंस की पाऊस न दाखवताही पावसाळा दिसेल.

आता जमीन. मेच्या दुपारी सूर्य माथ्यावर असताना चारही उभ्या भिंतींना ऊन फक्त घासून जातं. मग भिंती दिसतात कशानं? थोडं आभाळानं, पण बरंचसं खालून परतणाऱ्या उजेडानं. आपली काळी माती उजेड गिळते, पडलेल्यातला जेमतेम दहावा हिस्सा परत देते. नवं काँक्रीट किंवा फिकट फरशी त्याच्या तिप्पट-चौपट देते. म्हणून शेतातल्या घराच्या भिंती भर दुपारी मऊ दिसतात आणि फरशी घातलेल्या अंगणातलं घर डोळे दिपवतं. तांबडा मुरूम पसरला असेल तर छज्ज्याची खालची बाजू तांबूस होते. तू अंगणात हिरवळ टाकलीस, त्यामुळे तुझ्या पांढऱ्या भिंतीचा खालचा भाग हिरवट झाला आहे. उजेडाचं गणित तिथे बरोबर आहे, कारण हे सगळे परतणारे, पुन्हा परतणारे किरण मोजायचं समीकरण जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं आणि ब्लेंडरमधल्या सायकल्ससारखी इंजिनं तेच सोडवतात. पण उमरीत मेमध्ये हिरवळ कोण जगवणार आहे? टँकरचं पाणी हिरवळीला घालायचं नसतं. मुरूम टाक, तुळशीवृंदावन ठेव, एक कडुलिंब लाव. भिंतीवर आपोआप उमरीचा रंग चढेल.

कडुलिंबावरून सावलीच्या कडांचं सांगते. सूर्य बिंदू नाही, आभाळात त्याची रुंदी अर्ध्या अंशाची आहे. त्यामुळे सावली टाकणारी वस्तू जितकी दूर, तितकी तिच्या सावलीची कड पसरते; अंतराच्या साधारण १०८ व्या भागाइतकी. दहा फूट वरच्या कठड्याची कड इंचभर विरघळते, हाताच्या अंतरावरच्या ग्रिलची कड जवळजवळ सुरीसारखी राहते. एकाच चित्रात दोन्ही दिसल्या पाहिजेत. वीस फुटांवरच्या पानांच्या फटींतून खाली पडणारे कवडसे दोन-सव्वादोन इंचांचे आणि गोल असतात, फट कशीही वेडीवाकडी असो. तो प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचं बिंब असतं. आपल्या जुन्या माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं सानं तू पाहिलंयस. त्याचा चौकोनी कवडसा जमिनीवर येईपर्यंत कोपऱ्यांत गोलसर का होतो, त्याचं कारण हेच. सॉफ्टवेअरमध्ये सूर्याचा आकार शून्य करू नकोस आणि 'मऊ दिसावं' म्हणून दहापट मोठाही करू नकोस. ०.५३ अंश ठेव आणि त्याला हात लावू नकोस.

आभाळाचे फोटो, म्हणजे एचडीआरआय, वापरायला माझी ना नाही. पॉल डेबेव्हेक यांनी १९९८ मध्ये चकचकीत गोळ्याचे वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो घेऊन खऱ्या जागेचा उजेड संगणकातल्या वस्तूंवर टाकून दाखवला, तेव्हापासून ही रीत रुळली. पॉली हेवन या संकेतस्थळावर चांगली आभाळं फुकट मिळतात. मात्र त्यातली कितीतरी दक्षिण आफ्रिकेत टिपलेली आहेत. त्यातला सूर्य फिरवून तुझ्या तारखेच्या जागी आणावा लागतो, आणि त्याची उंची फिरवून बदलत नाही, म्हणून उंची जुळणारंच आभाळ निवड. दुसरं असं की सूर्यबिंब निळ्या आभाळापेक्षा लाखो पटींनी तेजस्वी असतं. फोटोत ते पुरतं टिपलं गेलं नसेल तर सावल्या पाणचट पडतात. तेव्हा फोटोतला सूर्य पुसून स्वतःचा सूर्य त्याच जागी ठेव.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच: कडक उन्हात एफ १६, आयएसओ १०० आणि सेकंदाचा शंभरावा भाग, हा फोटोग्राफरांचा जुना हिशेब लक्षात ठेव. चित्र काळं किंवा पांढरंफट्ट आलं तर कॅमेऱ्याला दोष न देता उजेडाचे आकडे तपास.

खोलीच्या आतल्या उजेडासाठी आपल्या देशाचं स्वतःचं मोजमाप आहे, ते बाहेरून उसनं आणू नकोस. भारतीय मानक २४४० मध्ये हिशेबासाठी बाहेरचा उजेड ८००० लक्स धरला आहे, सूर्य १५ अंशांवर असतानाच्या स्वच्छ आभाळाचा. म्हणजे खोलीत त्याचा एक टक्का पोचला तर ८० लक्स. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत भारतीय आभाळाचा यासाठी अभ्यास झाला होता. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दिवा न लावता दिसेल का, हे मालकीणबाईंना आकड्यानं सांगता आलं तर तुझं चित्र शोभेपुरतं राहणार नाही.

तू म्हणशील, आत्या, गिऱ्हाईकाला संध्याकाळचं सोनेरी चित्रच आवडतं. आवडू दे. तेही कर, पण त्याच्यावर तारीख आणि वेळ लिही, आणि ती वेळ खरी असू दे. जानेवारीतली साडेपाचची उमरी खरोखरच सुंदर असते. तिला खोटं काही लावावं लागत नाही. फक्त त्या एका चित्रासोबत आणखी दोन न चुकता दे: २२ डिसेंबरची दुपार आणि १५ मेची संध्याकाळ. सुरुवातीला एखादा बिल्डर कुरकुर करेल की मेचं चित्र पाहून गिऱ्हाईक बिचकतं. त्याला सांग की ते चित्र पाहून पश्चिमेला जाळी, लांब पडवी किंवा झाड आत्ताच घालता येईल, नंतर कूलर आणि पडदे घालावे लागतील.

या बंगल्याचं काम अजून पायाभरणीतच आहे असं तुझे बाबा सांगत होते. तसं असेल तर पाच वाजताचा तो १५ मेचा व्ह्यू याच आठवड्यात कर, हिरवळ काढून, टर्बिडिटी ७ ठेवून, बेडरूमच्या आतून, कॅमेरा पलंगाच्या उंचीवर. मालक आणि मालकीणबाई दोघांनाही बोलावून दाखव. कॉलम उभे राहिलेले नाहीत तोवर खिडकी दक्षिणेच्या भिंतीत हलवता येते, त्यासाठी फक्त नकाशावरच्या दोन रेघा बदलाव्या लागतात. आधी मला पाठवलास तर आकडे तपासून देईन.

वहिनींना नमस्कार, दादाला सांग गुडघ्याची औषधं चुकवू नको.

तुझी,
आत्या